बांधावरचा बाबुना

आलापल्ली, ८ जानेवारी २०२५

चि. पायलला आबाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. उत्तराला महिना लागला, रागावू नको. चष्म्याची दांडी मोडली होती. तू पाठवलेली कॅमोमाइलची फुलं तुझी आजी रोज गरम पाण्यात भिजवून पिते, पण झोप येत नाही. जंगलातली औषधं जाणणाऱ्या इतवारीला फूल दाखवलं. त्यानं हुंगलं, चावलं, म्हणाला आपल्या रानातलं नाही. मग येतं कुठून? आणि हे औषध की चहा?

फुलं संपली, पण काळजी नको. डब्यावरच्या चित्रासारखीच पांढरी फुलं, गाजरासारखी पानं आपल्या बांधावर गाडीभर आहेत. टोपलीभर वाळत घातली. हात फार खाजले, म्हणजे गुणही जास्त असेल. इतवारीला विचारलं नाही, तो हसला असता. रविवारी काढा करतो. तोडणाऱ्यानं आधी स्वतः प्यायचं, मगच रोग्याला द्यायचं, हा त्याचा नियम मात्र पाळीन.

तुझी वाट पाहणारा,
शालिकराम आबा

नागपूर, १५ जानेवारी

ती. आबांना पायलचा सा. न. वि. वि.

पत्र मिळताच सरपंचांकडे फोन केला. तुमचे ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या आणि तुम्हाला दोन रात्री दवाखान्यात ठेवलं, हे कळलं. आजीनं घोटही घेतला नव्हता म्हणून जीव भांड्यात पडला. आबा, ते गाजर गवत!

खरं फूल परदेशातलं, आता उत्तर भारतातही पिकवतात. हकीम त्याला बाबुना म्हणतात. पोटातला वायू, मुरडा यांवर देतात. झोपेवर अभ्यास थोडेच झालेत. काहींना जरा गुण येतो, खात्री नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच प्यावं. तुम्ही तर खरा बाबुनाही पिऊ नका, तो आणि गाजर गवत एकाच कुळातले.

आजी झोपते का? औषध राहू द्या, तुमची माया आहेच.

तुमची पायल

आलापल्ली, २३ जानेवारी

चि. पायलला आशीर्वाद.

सूज उतरली. टोपली जाळली. पण वेगळंच घडलं. मी दवाखान्यात होतो त्या दोन्ही रात्री तुझी आजी रंभा जेवून आडवी झाली ती कोंबड्यालाच उठली. फूल नाही, काढा नाही. कारण विचारलं तर म्हणाली, "तुमी घरी असले की घंट्या-घंट्याले हालवून पुसता, झोप लागली का नाई म्हणून. कोनाले लागन?"

इतवारी म्हणतो, औषध लागू पडलं, फक्त प्यायलं भलत्यानं.

आता मी ओसरीवर निजतो, तोंड बंद ठेवतो. सकाळी ती म्हणते, झोप लागली. पण मला राहवत नाही. माणसाला झोप लागली हे त्याला न विचारता कसं ओळखायचं, एवढं तुझ्या पुस्तकात पाहून लवकर कळव.

तुझा आबा