टॉवेलवालीचा मासा

बुधवार, सकाळ

ठमे,

ताईचे आशीर्वाद घे आणि आधी दार लाव. मी बरी आहे. पोरं शाळेत जातात ना? धाकटीचा खोकला गेला का? अक्षर वाकडं आलंय, हसू नकोस. चौथीतून पळालेली मी, तुला माहीत आहे. फोनवर तुझा पैलवान नवरा शेजारी बसून सगळं ऐकतो, म्हणून पत्र. एकटीने वाच.

तुला वाटतं मी जिममध्ये नुसते टॉवेल देते. देतेच. पण आणखी एक काम होतं. नवा माणूस आला की मालक त्याच्यापुढे टॅब धरायचा. त्यावर लांबलचक मजकूर. व्यायाम करताना शरीराला जी इजा होईल ती सही करणाऱ्याने सोसायची, जिमकडे बोट दाखवायचं नाही. खाली बोटाने सही. लोकांची बोटं घामेजलेली, टॅब घेईना. माणूस घाईत, मालक त्याहून घाईत. "मावशी, तुमचा हात कोरडा आहे, ओढा एक रेघ." मी ओढायची. शेपटीवाला मासा निघायचा, मला तेवढंच जमतं. मजकूर कुणी वाचत नसे. मी मात्र एकदा अक्षराला अक्षर लावून वाचला होता. म्हटलं, मोठ्या लोकांचे खेळ, आपल्याला काय!

मग एक बँकवाला धावायच्या पट्ट्यावर आपटला. गुडघा असा मुरगळला की मीच डोळे मिटले. गडी उठला, पँट झटकली, म्हणाला, "काही नाही झालं!" संध्याकाळी माझा गुडघा भोपळ्याएवढा. मी तेल चोळलं. मग एका शिक्षिकाबाईंचा खांदा. कट्ट असा आवाज सगळ्यांनी ऐकला. बाई हसत घरी गेल्या. मला तेव्हापासून स्वतःची वेणी घालता येत नाही.

आता तुझा पैलवान. मशीनची तार तुटली, दांडी मानेवर पडली आणि साधा ओरखडाही नाही, असं जगाला सांगत सुटलाय ना? तार झिजली म्हणून मी मालकावर दोनदा ओरडले होते. दांडी पडली तेव्हा मी घड्या घालत होते. हातातला टॉवेल खाली पडला. उचलायला गेले, तर वाकताच येईना.

मी बरी नाही, ठमे. मान दगड झालीय. बोटांतली जाण गेली, आता कोपरापर्यंत. डॉक्टर फोटो उजेडात धरून म्हणाले, "मावशी, हाडं ठणठणीत आहेत." म्हटलं, मग घ्या माझ्याशी बदलून. हे पेन शेजारणीने रबराने मुठीत बांधून दिलंय.

परवा मालकाने वकील आणला. त्याने टॅब चाळला. "अहो, एवढ्या माणसांचा एकच मासा? हे कुठल्या कोर्टात टिकणार? आणि खरी सही असती, तरी तार झिजलीय हे माहीत असून चालवलीत. कागद तुम्हाला वाचवेलच असं नाही." मालक पांढराफटक. आता सगळ्यांना बोलावणं गेलंय. आपापल्या हाताने नवी सही, जुनी रद्द.

काल बँकवाला आला. बोट पुसून सही केली. त्याच क्षणी माझ्या गुडघ्यातली कळ गेली, कुणी दिवा विझवावा तशी. तो दारापर्यंतही पोहोचला नाही. पायरीवर बसला, गुडघा धरला आणि मलाच म्हणाला, "मावशी, बर्फ आहे का?"

मालकाला सांगितलं. तो म्हणाला, "चार दिवस आराम करा."

तुझ्या नवऱ्याला रविवारी बोलावलंय. कळतंय ना? जाऊ देऊ नकोस. बूट लपव, भांड, चक्कर आल्याचं सोंग कर. तो म्हणेल, अडाणी बाईचं खूळ. म्हणू दे. तुझी पोरं लहान आहेत. माझ्यामागे रडायला एक तू, आणि तुला रडायला कारण लागतंच कुठे?

मोठेपणा करत नाही. काल गुडघा मोकळा झाला तेव्हा इतकं हायसं वाटलं की मी रविवारची वाट बघायला लागले. म्हणून हे पत्र घाईने टाकतेय, मन फिरायच्या आत.

उत्तर पाठवू नकोस. रविवारी मी खिडकीकडे पाठ करून बसेन. मान वळली, तर मला कळेल.

न वळो.

तुझी
ताई