कार्ल्याच्या फाट्यावर थांबलेले रणगाडे

प्रिय समे,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून पत्र तसंच कपाटात टाकू नकोस. फोनवर घरचा विषय निघाला की तू ‘अल्फे, ते सोडून बोल’ म्हणतेस आणि मी गप्प बसते. कागदाला असं गप्प करता येत नाही, म्हणून लिहितेय. मळवलीच्या दुकानात झेरॉक्सला तीन माणसं उभी आहेत, मशीनमध्ये दोनदा कागद अडकलाय आणि मी काउंटरखाली वही धरून हे खरडतेय. सकाळपासून कशात म्हणून चित्त नाही.

तुझ्या आबांबरोबर दर रविवारी मी अजून नकाशावरची ती लढाई खेळते, हे तुला सांगितलंच नव्हतं. माझे अब्बा गेल्यावर आबांना समोर बसायला कुणी उरलं नाही. भाजे गावातली तुमची ओसरी तीच, नकाशाही तोच, देहूरोडच्या डेपोतल्या रद्द फॉर्मांच्या पाठीमागे आबा-अब्बांनी जेवणाच्या सुट्टीत काढलेला. समजा शत्रू कोकणातून घाट चढून आला, लोणावळा पडलं आणि रणगाडे हायवेनं पुण्याकडं निघाले, तर इंद्रायणीवरचे तीन पूल संध्याकाळपर्यंत राखायचे कसे? सोड्याच्या बाटल्यांची झाकणं म्हणजे माझे रणगाडे, चिंचोके ही आबांची पलटण. आणि तुझ्या फ्रॉकचं गुलाबी बटण, म्हणजे सुरुंग लावणारी तुकडी, तेही आहे. हरवलेलं नाही.

आठवतं ना, आबांना धीर म्हणून नसायचा. कार्ल्याच्या फाट्यावर पहिलं झाकण दिसायचा अवकाश, यांनी मळवलीचा पूल उडवलाच. तुझं बटण दर वेळी पलीकडच्या काठावर राहायचं. उडवलेला पूल परत बांधता येत नाही आणि पलीकडं राहिलं ते गेलं, हा नियम अब्बांचा. तू फुरंगटून अख्खा नकाशा विस्कटायचीस. अब्बा म्हणायचे, नथूभाऊ, शत्रूपेक्षा तुमची स्वतःचीच माणसं तुम्हाला जास्त भितात. आबा हसायचे आणि पुढच्या रविवारी परत तेच करायचे.

चार वर्षांपूर्वीही त्यांनी तेच केलं. वराळ्याची माणसं तुझ्या लग्नाची सुपारी फोडायला बसलेली, आणि तू चहाचा ट्रे खाली ठेवून सांगितलंस की भोपाळची नोकरी लागलीय, मी जाणार. ती माणसं चहा न पिता उठली. आबा म्हणाले, आता या घराचा पूल उडाला समज. तू बॅग उचललीस. तुझं चुकलं असं मी तेव्हा म्हटलं नाही, आजही म्हणणार नाही. पण तू एकदाही वळून पाहिलं नाहीस, याचा मला राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. पाण्याचे ग्लास हातात घेऊन मीही तिथंच उभी होते ना गं.

गेले पाच रविवार आबा हरतायत. माझी झाकणं फाट्यावर येतात, पुलावर चढतात, पार भाज्याच्या वेशीत शिरतात, आणि हे सुरुंग काही उडवत नाहीत. आधी वाटलं विसरले. दुसऱ्या खेपेला मी आठवण करून दिली, तर नुसती मान हलवली. तिसऱ्या खेपेला मी मुद्दाम रेंगाळले, फाशावर सहा पडले तरी तीनच घरं सरकले. त्यांनी पकडलं. खोटं खेळायचं असलं तर येत जाऊ नको म्हणाले. ओसरीच्या दोन पायऱ्या चढताना हल्ली मध्येच थांबतात, पण नजर मात्र तशीच आहे. परवा मी वैतागून विचारलंच, आबा, पूल का उडवत नाही? त्यांनी तुझ्या बटणावर बोट ठेवलं.

“ती पलीकडं हाय अजून. तिला येऊ दे, मग बघू.”

आत तुझी आई भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज बंद झाला, तो मी निघेपर्यंत परत ऐकू आला नाही.

तर आता खरं सांगते. येत्या अठरा तारखेला, गुरुवारी, पिंपरीला आबांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. झडप बदलायचीय. डॉक्टर बरं होईल म्हणतात. तुला कळवायचं नाही अशी शपथ घातलीय मला. आजारपण सांगून बोलावलं तर ती आजारपणासाठी येईल, माझ्यासाठी न्हाई, असं म्हणाले. मी शपथ मोडली, आबा मला काय बोलायचं ते बोलू देत. सोबत नकाशाची झेरॉक्स ठेवलीय, तुझं बटण जिथं आहे तिथं टिकली चिकटवलीय. या रविवारचा खेळ अर्धा राहिलाय. माझे रणगाडे कार्ल्याच्या फाट्यावर उभे आहेत, डिझेल संपलं असं मी आबांना सांगितलंय. डिझेलचा नियम आपल्या खेळात कधीच नव्हता, तरी या वेळी त्यांनी मला पकडलं नाही. बुधवारपर्यंत मी एकही झाकण हलवत नाही. पूल उभा आहे, समे. ये.

तुझीच,
अल्फी