चार नंबरच्या टेबलाचा आकडा

सोमवार, ३ तारीख

नाही हो, मी कशाला घाबरू? ती मोजायला आलीय, खायला नाही! गोगलगायला तेच सांगितलं. गोगलगाय म्हणजे चार नंबरच्या टेबलावरचा कारकून — चहाला फुंकर मारायलाच दहा मिनिटं लावतो. पालिकेत वरून एक बाई आलीय, गळ्यात घड्याळ. कोण दिवसाला किती अर्ज निकाली काढतो ते टिपते. मी नाव ठेवलं घड्याळबाई. विचारलं, "बाई, शिपायाचे जिने मोजता का? दिवसाला साठदा चढते!" हसली नाही मेली.

बुधवार, ५

जुनी रजिस्टरं काढली तिने. सगळ्यात जास्त काम कधी झालं, ते शोधत होती. सापडलं! चार नंबर, सहा वर्षांपूर्वी, एका दिवसात एक्केचाळीस अर्ज. तेव्हा तिथे आमचे हे बसायचे. त्याच दिवशी, त्याच खुर्चीत गेले.

"शेवटच्या दिवशीही केवढं काम!" घड्याळबाई म्हणाली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कपबशा गोळा केल्या.

आता चार नंबरला रोज एक्केचाळीस. महिनाअखेर जमलं नाही तर गोगलगाय घरी.

"वहिनी, दादा माणूस होते का मशीन?" गोगलगायने विचारलं.

सोमवार, १०

बावीस.

गुरुवार, १३

एकोणतीस. चेष्टा केली, मान वर नाही. चहावर साय धरली.

मंगळवार, १८

छत्तीस. दुपारी डाव्या हातावर डोकं टेकून बसला होता, उजव्या मुठीत शिक्का. हुबेहूब आमचे हे! खांद्याला हात लावला — गार.

"पंखा डोक्यावर आहे ना, वहिनी."

पंखा बंद होता.

शुक्रवार, २१

चाळीस! घड्याळबाई खूश. गोगलगाय हसला, पण जरा उशिराने. मला हळूच म्हणाला, "आता वाचावंच लागत नाही, वहिनी. मूठ आपोआप चालते. मागून कोणीतरी धरून चालवतंय जणू."

कप भरलेलाच परत नेला, मोरीत ओतला.

सोमवारी एक्केचाळीस होणार. मग?

रविवार, २३

उद्या ऑफिस उघडताच घड्याळबाईला सांगणार. माझी जागा गेली तर जाऊ दे. आधी तुला सांगते, वही.

हे सकाळी अकरालाच गेले होते. मी घरून चहा घेऊन गेले, तेव्हा संपलं होतं. त्यांना काढून टाकायचा कागद सकाळीच टाइप झाला होता. संध्याकाळपर्यंत टेबलावरचे सगळे अर्ज निकाली निघाले, तरच साहेब तो फाडणार होते. आणि नोकरीत असताना गेलेल्याच्या बायकोला शिपायाची जागा देतात, काढलेल्याच्या नाही. म्हणून मी ओरडले नाही. डोकं डाव्या हातावर टेकवलं, आडोसा करून उभी राहिले. शिक्का त्यांच्या मुठीत, त्यांची मूठ माझ्या हातात. पाचपर्यंत. एक्केचाळीसही मीच मारले.