वगळलेला पाऊस

आई, तुला जाऊन आठ वर्षं झाली आणि एक गोष्ट मी तुला अजून सांगितलेली नाही. तू होतीस तेव्हाही सांगितली नव्हती. गेल्या आठवड्यात इथे रत्नागिरीला, मी भूशास्त्र शिकवते त्या कॉलेजात, तिसऱ्या वर्षाची एक मुलगी पावसाच्या आकड्यांचा तक्ता घेऊन आली. म्हणाली, "मॅडम, मधल्या चार दिवसांचं मोजमापच नाहीये. अंदाजाने भरून टाकू का?" मी तिच्यावर एवढी ओरडले की स्टाफरूममधल्या दोघीजणी वळून बघायला लागल्या. नंतर तिला बोलावून नीट समजावलं, पण घरी आल्यावर जेवण काही गेलं नाही. तेव्हापासून तुला लिहायचं मनात होतं.

सावर्ड्याहून आत, आपल्या वाडीच्या पलीकडे, ते सरकारी शेतकी केंद्र होतं आणि तू तिथे शिपाई. झाडलोट, चहा, टपाल आणि पावसाचं माप. साहेब दर दोन-तीन वर्षांनी बदलायचे, पण पाऊस तुझ्याकडेच राहिला. पहिल्या साहेबांनी तुला शिकवलं होतं आणि पुढच्या कुणाला भिजत बाहेर जायची हौस नव्हती. अजून दिसतेस मला. सकाळी साडेआठला कुंपणाचं दार ढकलून आत जातेस, नरसाळं काढून बाजूला ठेवतेस, खालची बाटली उचलून काचेच्या मापात पाणी ओततेस आणि चिखलात उकिडवी बसतेस. मी दप्तर घेऊन कुंपणाबाहेर. एकदा हट्टाने मी माप हातात घेतलं आणि उभ्या उभ्याच आकडा सांगितला, तर म्हणालीस, "वरनं नको बघू गो. खाली बस. डोळा पाण्याच्या बरोबरीला आण." मला परत मोजायला लावलंस आणि मगच वहीत लिहिलंस. तुझं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण त्या मोठ्या वहीत एक खाडाखोड नसायची. महिना संपला की त्यावरून तक्ता तयार करून वर पाठवायचा, तोही तूच करायचीस. खाली सही साहेबांची.

मग ते पाच दिवस. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला, चिपळूणला जाऊन-येऊन शिकत होते. मामाचं ऑपरेशन ठरलं आणि तुला मुंबईला जावं लागलं. साहेबांनी विचारलं, "पावसाचं काय करायचं?" तू म्हणालीस, "माझी मुलगी घेईल की. माझ्यापेक्षा जास्ती शिकलेली हाय." मला बजावलंस की आकडे चिठ्ठीवर लिहून ठेव, वहीत मी आल्यावर उतरवीन. पहिल्या दिवशी मी गेले. नीट मोजलं. दुसऱ्या दिवशी पाऊस असा काही लागला की कौलांवरचा आवाज सोडून दुसरं काही ऐकूच येईना. वाट बंद नव्हती, आई. पऱ्याच्या पाण्यावरचा साकव शाबूत होता, वाडीतली माणसं त्यावरून ये-जा करत होती. मी गेले नाही एवढंच. गोधडी ओढून पडून राहिले, मैत्रिणीने दिलेली कादंबरी वाचत. नऊ वाजून गेले तेव्हा म्हटलं, उद्या दोन दिवसांचं एकदम मोजू आणि निम्मं निम्मं करू. उद्याही गेले नाही. त्या पावसात साहेबच येत नव्हते, तेव्हा बघणारं कुणी नव्हतं. पाचव्या दिवशी, तू येणार म्हणून, गेले. बाटली भरून बाहेरच्या भांड्यातही पाणी साचलेलं. निदान ते तरी मोजायचं, तर तेवढंही केलं नाही. सगळं गवतात ओतून दिलं आणि घरी येऊन चिठ्ठीवर मनाला येतील ते आकडे लिहिले. पहिल्या दिवशीच्या आकड्याच्या आसपासचे, कुणाला शंका येऊ नये असे.

तू संध्याकाळी आलीस. पाय धुतलेस, चिठ्ठी घेतलीस. "एवढाच गो?" म्हणालीस. मी म्हटलं, "एवढाच." तू दारातून समोरच्या डोंगराकडे बघितलंस. तिथे दरड कोसळून लाल माती उघडी पडली होती, एसटी दोन दिवस बंद होती हे तुला येतानाच कळलं होतं. मग आत जाऊन दिवा लावलास. दुसऱ्या दिवशी माझे आकडे वहीत गेले, तुझ्या अक्षरात.

पुढच्या महिन्यात वरून त्या आकड्यांची विचारणा आली. त्या सकाळी मी उठले तेव्हा तू चुलीपुढे बसली होतीस आणि माझी चिठ्ठी जाळात घालत होतीस. माझ्याकडे बघितलंस आणि फुंकणीने जाळ मोठा केलास. दुपारी तुझा डबा घेऊन मी केंद्रावर आले तर ओसरीवरूनच साहेबांचा आवाज ऐकू आला. "आजूबाजूला सगळीकडे याच्या तिप्पट पाऊस. आपल्याकडेच कसा एवढासा? मुलीची चिठ्ठी कुठाय?"

"भिजली साहेब, टाकली. तिने बरोबर लिहिलेलं. मी उतरवताना चुकले."

"ओळीने चार दिवस चुकलात?"

"व्हय."

"मग तसं लेखी द्या."

तू खाली बसून लिहून दिलंस. मी डबा हातात धरून खांबाला टेकून उभी होते. आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, फार तर दोन. साहेब माझं काय करणार होते? रागावले असते. पण मी डबा ओसरीवर ठेवून मागच्या मागे निघून आले. पावसाचं माप नव्या कारकुनाकडे गेलं. तू मात्र नोकरी संपेपर्यंत त्या कुंपणातलं गवत कापत राहिलीस, नरसाळ्यावर पानं पडली तर काढत राहिलीस. मी सांगेन म्हणून तू वाट बघितलीस, की तुझ्यापुरता तो विषय चुलीतच संपला, हे मला कधी कळलं नाही.

पदवी घेऊन मी पुण्याला विद्यापीठात गेले. भूशास्त्राला हातोडा लागतो हे कुणाकडून तरी ऐकून तू सावर्ड्याच्या लोहाराकडून एक करून आणलास. आपल्याकडचा जांभा त्याने फुटला असता, पण घाटावरच्या काळ्या दगडावर पहिल्याच सहलीत त्याचं तोंड वाकलं. मी तो ट्रंकेत टाकला आणि दुसरा घेतला. तुला सांगितलं, छान चालतो.

शेवटच्या वर्षी प्रबंधासाठी मी आपल्याच भागातल्या दरडी घेतल्या. किती पाऊस पडला की डोंगर सुटतो, हे बघायचं होतं. त्यासाठी सगळ्या केंद्रांचे रोजचे आकडे मागवले. त्यात तुझं केंद्र होतं. तुझी सगळी वर्षं, एकाखाली एक. नियम असा की प्रत्येक केंद्र शेजारच्या केंद्रांशी ताडून बघायचं. तुझा पाऊस शेजाऱ्यांशी असा जुळत होता की माझे मार्गदर्शक सर खूश झाले. आणि मग तो आठवडा आला. नेमका दरडींचा आठवडा. सरांनी कागदावर बोट ठेवलं. "एवढ्या मोठ्या पावसात यांनी असलं काहीतरी लिहिलं असेल, तर बाकीच्या वर्षांवर विश्वास कसा ठेवायचा? तू तिकडचीच ना? या केंद्राबद्दल काही माहिती आहे?"

मी म्हणाले, "नाही सर."

"मग पूर्ण केंद्रच वगळ."

फक्त चार दिवस खोटे आहेत, ते माझे आहेत, बाकी सगळं माझ्या आईने चिखलात बसून मोजलंय, एवढं सांगितलं असतं तर तुझी वर्षं राहिली असती. पण सरांच्या नजरेत मी चांगली विद्यार्थिनी होते. मी खोलीवर गेले आणि तुझं केंद्र यादीतून माझ्या हाताने काढलं. परिशिष्टात एक ओळ घातली की या केंद्राच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत. ती ओळ माझी आहे. पुढे त्या भागावर काम करणाऱ्या दोघा-तिघांनी माझा प्रबंध वाचून तुझं केंद्र तसंच वगळलं.

प्रबंध बांधून झाल्यावर मी घरी घेऊन आले. तू हात पदराला पुसून तो मांडीवर घेतलास. इंग्रजी तुला येत नव्हतं, नकाशा मात्र कळला. "आपला पाऊस घेतलास काय गो यात?"

"घेतला."

"खयचा तो?" नकाशावर केंद्रांचे काळे ठिपके होते. मी एका ठिपक्यावर बोट ठेवलं. तो दुसऱ्याच गावाचा होता, आपल्यापासून दहा-बारा मैलांवरचा. तू त्याच्यावर बोट टेकवून जरा वेळ बसलीस. मग शेजारच्या काकींना हाक मारलीस आणि त्यांनाही दाखवलास. "हा मी मोजलेला." काकी म्हणाल्या, "अगो बाय!" मी आत पाणी प्यायला गेले.

तुझ्या शेवटच्या आजारपणात मी पंधरा दिवस तुझ्याजवळ होते. रोज ठरवायची की आज बोलू. तू थकलेली असायचीस, त्याचं निमित्त मला पुरायचं.

त्या जुन्या नोंदी अजून आहेत, आई. त्या जपणाऱ्या कार्यालयाला मी चार ओळी लिहून कळवू शकते की हे चार दिवस खोटे आहेत, ते कुणी लिहिले, आणि बाकीचे दिवस खरे आहेत. खाली माझं नाव आणि सही लागेल. माझा प्रबंध चुकीचा ठरेल, माझ्या विद्यार्थ्यांना कळेल. आज सकाळी त्यासाठीच कागद घेऊन बसले होते. ते पत्र लिहिलं नाही, हे लिहिलं. तुला लिहिणं सोपं गेलं. तू तेव्हाही मला काही विचारलं नव्हतंस.