वायूची चावी

मी, खाली सही करणारा, व्यवसायाने भूलतज्ज्ञ, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय माझी अखेरची इच्छा लिहून ठेवतो. दुसऱ्यांची शुद्ध हरपवण्यात जन्म गेला, तेव्हा माझी जागेवर आहे हे माझ्या शब्दावर मानावं. उद्या माझं स्वतःचं ऑपरेशन आहे.

राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीला. तिच्या भावाने, म्हणजे आमच्या सर्जनसाहेबांनी, तिला गुंतवणुकीचे सल्ले देऊ नयेत. स्वतःचे पैसे त्यांनी पुरेसे बुडवले आहेत.

रुग्णालयातला माझा हिस्सा आणि भूल देण्याचं यंत्र मुलीला. तीही भूलतज्ज्ञच.

यंत्राबद्दल थोडं सांगणं भाग आहे. मेहुण्याला कायम घाई, म्हणून ज्याच्या भुलेतून पेशंट झटकन जागा होतो असा वायू मी वापरतो आणि त्याचा प्रवाह कमी-जास्त करायची चावी गरजेपेक्षा जास्त सोडतो. उरलेला वायू पाईपाने गच्चीवरून हवेत जातो आणि धुरातल्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट उष्णता धरून ठेवतो. हे मला पक्कं ठाऊक आहे. गेल्याच महिन्यात डॉक्टरांच्या सभेत तापत्या हवामानावर आणि आपल्या कर्तव्यावर मी तावातावाने बोललो, टाळ्याही घेतल्या.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन थिएटरमध्ये मुलीने चावी कमी केली. "बाबा, पेशंटला एवढा लागत नाही," इतकंच म्हणाली.

"भाषण काल संपलं. इथे काम चालतं," मी सगळ्यांदेखत बोललो आणि चावी पुन्हा वाढवली.

मेहुणा हसला. सिस्टर खाली बघत राहिल्या. त्या दिवसापासून मुलगी दुसऱ्या रुग्णालयात जाते. आणि मी आज सकाळीही चावी तेवढीच सोडली. लाज वाटते, तरी हात तिकडेच जातो. असल्या माणसाच्या हाती ते यंत्र आणखी राहू नये.

पुढचं कलम मृत्युपत्रात बसत नाही, असं वकीलबाई म्हणतात. तरी खोडत नाही. मुलीला फोन करायला तोंड नाही, म्हणून हा कागद त्यांनी आज संध्याकाळीच तिला नेऊन दाखवावा.

उद्या मला भूल तिनेच द्यावी. घरच्या माणसाने देऊ नये असा रिवाज आहे, ठाऊक आहे. वायू कोणता आणि चावी किती, ते तिने ठरवावं. जाग उशिरा आली तरी चालेल. उठवताना मात्र इतर पेशंटांसारखं "डोळे उघडा" म्हणू नये. बाबा म्हणून हाक मारावी.

सही: भूलतज्ज्ञ
साक्षीदार: १. थिएटरच्या सिस्टर २. वकीलबाई
ठिकाण: रुग्णालय, पहिला मजला
तारीख: ऑपरेशनच्या आदला दिवस