गीतकार : पारंपरिक

३ फेब्रु., सोम.
पहिली पाळी. लॅबमध्ये अकरा नमुने तपासले. साडेतीनला मोहोपाड्याहून निघालो. सकाळचा भात होता, आमटी केली. पाचला प्रसादचा फोन. कर्जतचा संगीतकार, सुमनचं हळदीचं गाणं रेकॉर्ड करून नेलं होतं तो. त्या गाण्याला यंदाच्या संगीत पुरस्कारात नामांकन मिळालंय. विभाग : सर्वोत्कृष्ट पारंपरिक लोकगीत.
"काका, काकू असायला पाहिजे होत्या."
बरं म्हटलं. सुमनला जाऊन सहा महिने होतील शुक्रवारी.

४ फेब्रु., मंगळ.
झोप लागली नाही नीट. लिहून टाकतो.
मागच्या उन्हाळ्यात प्रसादने फॉर्म पाठवला होता. गाणं मुंबईची गायिका गाणार, पण शब्द कोणाचे ते आमच्याकडून लेखी हवं. सुमन तेव्हा अंथरुणावर. गीतकाराच्या रकान्यात मी लिहिलं, पारंपरिक. सही केली.
खाटेवरून तिने विचारलं, "माझं नाव घातलं ना?"
मी हूं म्हटलं.

८ फेब्रु., शनि.
वनिता आली. सुमनची धाकटी बहीण, कशेळ्याला असते. वालाच्या शेंगा आणल्या होत्या. बसायच्या आधीच मोबाईल पुढे केला.
"भावोजी, ताईचं गाणं. खाली काय लिवलंय बघा. पारंपरिक. कोन हाय ह्यो पारंपरिक? आमच्या ताईचा कोन लागतो?"
स्वतःच हसली. मग पदराने डोळे पुसले.
"तुमी सांगितलं नाय व्हय त्यांना?"
मी म्हटलं, हळदीची गाणी तशीच लिहितात, पद्धत आहे.
"जुनी गानी तशी लिवतात. ह्ये ताईने माज्या मांडवात जोडलं. मी हळद लावून बसलेली, म्या ऐकलंय."
शेंगा सोलून देऊन गेली. चहा घेतला नाही.

९ फेब्रु., रवि.
सुट्टी. घर झाडलं.
वनिता म्हणते ते खरं आहे. हळदीला बायका नवऱ्यामुलाच्या मामाला, व्याह्याला, कोणालाही गाण्यात ओढतात. एकीने म्हणायचं, बाकीच्यांनी उचलायचं. कोणी जोडलं ते दुसऱ्या दिवशी कोणी विचारत नाही. पण त्या दिवशी सगळ्यांना माहीत होतं, कारण सुमन गात होती आणि बायका माझ्याकडे बघत होत्या.

भोंगा वाजला कंपनीचा, नवरा माझा उठला गं
धा गोष्टी मी सांगितल्या, एकच हूं तो म्हनला गं

मी वाढायला होतो. बादली ठेवून आचाऱ्याकडे जाऊन उभा राहिलो. घरी आल्यावर दोन दिवस बोललो नाही. तसा एरवीही फार बोलतो असं नाही. तिने तिसऱ्या दिवशी विचारलं, "राग आला का?" उत्तर दिलं नाही.
फॉर्म भरताना हेच मनात होतं. सुमनचं नाव घातलं की तो नवरा मी. कंपनीत, गावात, सगळीकडे. पारंपरिक लिहिलं की तो कोणाचाही नवरा.

१५ फेब्रु., शनि.
प्रसादच्या गाडीने मुंबईला. त्यानेच आग्रह केला. वर्ष झालेलं नसताना समारंभाला जाणं बरं नव्हे, तरी गेलो. तिसरी रांग. एसी फार. पुढच्यांचे कपडे बघत बसलो.
परीक्षकबाई व्यासपीठावरून म्हणाल्या, कारखानदारी आली तेव्हा लोकपरंपरेने भोंगासुद्धा गाण्यात घेतला, कोण्या अनाम स्त्रीचे हे शब्द. टाळ्या. मग नाव पुकारलं. आपलंच गाणं.
प्रसाद वर गेला, बोलला, आणि मला बोलावलं. "ज्यांच्या घरी मला हे गाणं मिळालं ते काका." गायिकेने वाकून नमस्कार केला. तिच्या हातातला माईक माझ्या हातात आला. सगळे थांबले होते.
मी म्हटलं, "धन्यवाद. ही आमच्या भागाची परंपरा आहे."
माईक परत दिला आणि रांगेत येऊन बसलो.

१७ फेब्रु., सोम.
कंपनीत सगळ्यांनी पाहिलेलं. मॅनेजरसाहेबांनी कँटीनमध्ये पुष्पगुच्छ दिला. पॅकिंगचा शिंदे मोठ्याने म्हणाला, "साहेब, तो हूं म्हणणारा नवरा आपल्याच कंपनीतला दिसतोय!" सगळे हसले. मीही हसलो.
गुच्छ तिथेच विसरलो. मुद्दाम.

१८ फेब्रु., मंगळ.
वनिताचा फोन.
"तुमच्या हातात माईक दिला व्हता, भावोजी."
एवढंच. मग तिने ठेवला.

२२ फेब्रु., शनि.
कर्जतला प्रसादकडे गेलो. पुरस्कार टेबलावर, अजून खोक्यात. त्याच्या आईने पोहे दिले. आई आत गेल्यावर सांगितलं. शब्द सुमनचे. पूर्ण. एकही ओळ जुनी नाही.
त्याने पुरस्काराचं खोकं बंद केलं.
"काका, मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं."
हो.
"काकूंना थेट विचारणार होतो, तुम्ही म्हणालात तिला त्रास नको."
तेही खरं.
म्हणाला, विभागच पारंपरिक गाण्यांचा आहे. गीतकार निघाला तर पुरस्कार परत द्यावा लागेल बहुतेक. त्याचा हा पहिलाच. गायिकेचाही. पंधरा वर्षं लग्नातल्या बँडमध्ये वाजवून इथवर आलो, म्हणाला. रागाने नाही बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं.
निघताना म्हणाला, "लेखी द्या. दिलंत की मला पुढे पाठवावंच लागेल. नाही दिलंत तर मी आज काही ऐकलं नाही. तुम्ही ठरवा."
पोहे तसेच राहिले.

२३ फेब्रु., रवि.
तीन वेळा लिहिलं. पहिल्यांदा 'नजरचुकीने' असं लिहिलं. फाडलं. दुसऱ्यांदा 'पत्नीच्या आजारपणामुळे'. तेही फाडलं.
तिच्या आजारपणावर घालत होतो. शेवटी तिच्यावरच.

२४ फेब्रु., सोम.
दुसरी पाळी. सकाळी कर्जतला जाऊन पत्र प्रसादच्या हातात दिलं. गाण्याचे सर्व शब्द माझी पत्नी कै. सुमन हिचे आहेत. त्यातला नवरा मी आहे. लोक हसतील म्हणून मी तिचं नाव घातलं नाही, आणि घातलं असं तिला सांगितलं. खाली सही, तारीख.
त्याने माझ्यासमोर उघडलं नाही. खिशात ठेवलं.
"वाचतो," म्हणाला.
वनिताला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "ताई ऱ्हायली नाय आता वाचायला." मग थोड्या वेळाने, "जेवलात का?"

१ मार्च, शनि.
प्रसादचा फोन नाही. मी केला नाही. मोबाईलवर गाण्याखाली अजून पारंपरिकच आहे, सकाळी पाहिलं, दुपारी पाहिलं.
खालच्या आळीत हळद आहे. स्पीकरवर तेच गाणं दोनदा लागलं. दुसऱ्यांदा बायकाही बरोबर म्हणत होत्या. खिडकी लावायला उठलो, लावली नाही.
कंपनीचे दोन शर्ट भिजत घातले होते. ते धुतले. कॉलर घासली. मागच्या दोरीवर वाळत टाकले.