दगडावर माझं नाव चुकून आहे

मी, खाली सही करणारा, वय सव्वीस, धंदा पाट्या रंगवणे आणि मध्येच सोडून जाणे, हे मृत्युपत्र शुद्धीत, कुणी भरीस न घालता लिहितो. सरकारदरबारी मी चार वर्षांपूर्वी लढाईत मेलेलो आहे. चौकातल्या दगडावर माझं नाव आहे. मेला तो माझा धाकटा भाऊ. सैन्यभरतीचं बोलावणं माझं आलं होतं. मी घरी नव्हतो; बहुतेक एका बेकरीत होतो, भट्टीशेजारी झोप छान लागायची. असो. शिपाई दारात आले तेव्हा धाकटा माझं ओळखपत्र घेऊन गेला.

मी परतलो तर आईनं आधी कडी लावली.

"खरं सांगितलंस तर पळपुटा म्हणून धरतील. एक गेला तेवढं पुरे."

"आणि त्याचं नाव?"

"मला पाठ आहे."

तेव्हापासून मी त्याच्या ओळखपत्रावर जगतो.

१. खोलीतला माझा वाटा आईला. मी तशीही पलंगाखालचीच जागा वापरली.

२. ब्रश, डबे, शिडी कोपऱ्यावरच्या न्हाव्याला. तिसरी पायरी सैल आहे, दोनदा सांगितलंय.

३. स्मारक समितीच्या अध्यक्षांना काही नाही. दरवर्षी माझ्या शौर्यावर बोलतात. लहानपणी मला याच माणसानं पेरूच्या झाडावरून ओढून चोपलं होतं.

४. उद्या युद्धात मेलेल्यांचा आंतरराष्ट्रीय स्मरणदिन. गावोगाव नावं वाचतात. धाकट्याला मारणाऱ्याच्या गावातही वाचत असतील. माझं नाव आलं की आई पुढे होते, मी मागे टोपी ओढून उभा. मला काही वाटत नाही, पाय तेवढे दुखतात. उद्या मी "हजर" म्हणणार आहे. मग मेला कोण, हे त्यांना विचारावंच लागेल.

५. त्यानंतर मी तुरुंगातून परतलो नाही, तर माझं नाव घासून काढावं आणि तिथे धाकट्याचं कोरावं. मी पट्टीनं मोजलंय, त्याचं नाव तीन अक्षरांनी लांब आहे. अक्षरं बारीक करावीत, पण आडनावासकट पूर्ण लिहावं. माझं कुठेच लिहू नये.

साक्षीदार आले. शिंपीणमावशी म्हणाल्या, "मेलेल्याची सही चालते का रे?"

"तुम्ही मला जिवंत बघितलं असं लिहा, मग चालेल."

पोस्टमनकाकांनी खिशातून पेन काढलं. बोलावणंही त्यांनीच आणलं होतं आणि मी मेल्याची तारही.

ठिकाण: आईची खोली, ती कामावर असताना.
दिनांक: स्मरणदिनाचा आदला दिवस.

साक्षीदार १: शिंपीण. इसम जिवंत आहे, चहा पितो आहे.
साक्षीदार २: पोस्टमन. तेच.

सही: माझ्या स्वतःच्या नावाची. पहिल्यांदा धाकट्याचीच झाली, ती खोडली आहे.